बैलाच्या नावावर ११,६०० रुपये

आमच्या घरी बैल नाहीत. शेवटची जोडी २०१७च्या उन्हाळ्यात विकली. तेव्हापासून गोठ्यात फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि एक मोडकं डवरं पडून आहे. तरीपण आमच्या खर्चाच्या वहीत २०२३च्या जूनमध्ये ‘बैल’ या नावाखाली ११,६०० रुपये पडलेले आहेत. जुलैत २,३००. ऑगस्टमध्ये ‘बैल, किरकोळ’ म्हणून ४५०.

पीककर्ज नवं-जुनं करायचं होतं म्हणून बायकोनं वही काढली. घरचा हिशेब तिचा पक्का असतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी टाकलं हेसुद्धा ती तारीखवार लिहून ठेवते, आणि टाकतेही तीच. चष्मा लावून तिनं जूनचं पान वाचलं, मग माझ्याकडं न पाहता विचारलं, “आपल्याकडं बैल कुठी आहे?”

“भाड्यानं आणले होते.”

“पेरणी तं ट्रॅक्टरनं झाली.”

मी गप्प. तिनं खिडकीतून गोठ्याच्या बाजूच्या टिनाच्या शेडकडं पाहिलं. तिथं हिरव्या ताडपत्रीखाली काहीतरी लांबुळकं झाकून ठेवलेलं आहे, हे काही तिला आजच कळलं नव्हतं. “हा बैल पेट्रोल पिते काय?” एवढं बोलून तिनं वही मिटली.

तर तो बैल म्हणजे १९९४ सालची कॉन्टेसा क्लासिक. १.८ जीएलएक्स, पेट्रोल, पाच गिअर. रंग मूळचा गडद लाल. आता बाजूंना लाल आहे आणि छतावर उन्हानं गुलाबी झालाय. बाबा तिला बैलच म्हणायचे, ‘आपला तिसरा बैल, काम काहीच नाही अन् वैरण रोज,’ म्हणून वहीत मी खोटं काही लिहिलेलं नाही, हा माझा बचाव होता. तो टिकला नाही.

गाड्यांतलं कळणारे लोक म्हणतील, कॉन्टेसा कुठून आली स्पोर्ट्स कार? चार दारांची, सोफ्यासारख्या सीटची, टनाच्या वर वजनाची गाडी. मान्य. पण ती आली तेव्हा वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात काय होतं ते पाहा. डॉक्टरांची फियाट, सरकारी जीप, निवडणुकीत येणारी अॅम्बेसेडर आणि एका ठेकेदाराची मारुती ८००. बाकी सगळं बैलगाडी आणि एसटी. त्यात लांबच लांब नाकाची, मागच्या चाकावर बसकण मारल्यासारखी दिसणारी ही गाडी गावात शिरली, तेव्हा पोरं तिच्यामागं शाळेपर्यंत पळाली होती. आमची स्पोर्ट्स कार तीच. पोरं तर ‘रेसगाडी’ म्हणायची.

गाडीचा जन्मही गमतीचा आहे. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४मध्ये ती बाजारात आणली, पण साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. तिकडं ती गाडी सत्तरच्या दशकातच बंद पडली होती. सुरुवातीच्या कॉन्टेसात अॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, पन्नासेक घोड्यांचं. म्हणजे अंग पैलवानाचं आणि दम सर्दी झालेल्या माणसाचा. पुढं इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, ८८ घोड्यांचं, आणि मग पैलवान खरोखर पळायला लागला. २००२मध्ये उत्पादन थांबलं. आमच्या घरी ती आली २००४मध्ये, म्हणजे तिचं माहेर बंद झाल्यावर.

आणि ती विकत घेतलेली नाही. ती वसुलीत आली.

आमच्याकडं संत्रा झाडावरच विकतात. व्यापारी बगीच्यात फिरतो, दोनचार झाडं हलवल्यासारखं करतो, हजारीचा, म्हणजे फळं किती हजार निघतील याचा, अंदाज बांधतो आणि इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन जातो. बाकीचे पैसे तोडाईच्या हिशेबानं. २००३च्या आंबिया बहाराचा आमचा सौदा नागपूरच्या एका व्यापाऱ्याशी झाला. इसार मिळाला, पहिली खेप गेली, पैसे आले. दुसरी खेप गेली. तिसरी गेली. मग व्यापाऱ्याचा फोन लागेना. बाबा एसटीनं नागपूरला तीन चकरा मारून आले, प्रत्येक वेळी चहा पिऊन परत. चौथ्या वेळी संध्याकाळी उशिरा आले ते या गाडीत बसून. सोबत व्यापाऱ्याचा ड्रायव्हर होता. त्यानं चावी ओट्यावर ठेवली, रात्रीची भाजी-भाकर खाल्ली आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं निघून गेला. त्या माणसाचेही दोन महिन्यांचे पैसे अडकले होते, असं त्यानं जाताजाता सांगितलं.

आईनं विचारलं, “पैसे?”

बाबा म्हणाले, “गाडी भरून संत्रा गेला, खाली गाडी वापस आली.”

विकायचीच होती. पण गिऱ्हाईक कोण? ज्याला परवडेल त्याला नवी हवी, ज्याला जुनी चालेल त्याला तिचं पेट्रोल परवडत नाही. बाबांना गाडी चालवता येत नव्हती आणि त्यांनी कधी शिकूनही घेतली नाही. ते फक्त डाव्या बाजूला बसायचे, खिडकीची काच खाली करून, कोपर बाहेर काढून. बाजाराच्या दिवशी वरुडापर्यंत. सगळ्या रस्त्यानं लोकांना हात दाखवत. बुडालेल्या पैशांचं हे एवढंच व्याज त्यांनी वसूल केलं.

आता दुसरी गाडी. तिच्या कंपनीचं नाव मी इथं लिहिणार नाही, कारण पुढं मला तिच्याबद्दल थोडं वाईट बोलायचं आहे आणि हप्ते अजून चालू आहेत. पांढरी, सात सीटांची, २०२१च्या दिवाळीत घेतली. कारण साधं होतं. आईचे गुडघे गेले, मुलगी अमरावतीला शिकायला जाणार होती, आणि जिची सुरू होण्याची खात्री नाही अशी गाडी दवाखान्याच्या कामाला ठेवता येत नाही. एकदा रात्री दोन वाजता आईला श्वासाचा त्रास झाला होता, तेव्हा शेजाऱ्याची पिकअप काढावी लागली. त्यानंतर बायकोनं वाद घातलाच नाही. फक्त बँकेचे कागद आणून टेबलावर ठेवले.

नवी गाडी सगळ्याच बाबतीत चांगली आहे, हे आधी कबूल करतो. इंजिन दीड लिटरपेक्षा लहान आणि घोडे शंभराच्या वर. म्हणजे जिच्या जोरावर मी गावात छाती काढून फिरायचो, तिच्यापेक्षा आईला दवाखान्यात नेणारी गाडी जास्त ताकदवान आहे. लिटरला अठरा देते, बैल नऊ. तेही वारा पाठीमागून असला तर. एअरबॅग आहेत, एबीएस आहे. बैलाला थांबवायचं तर पायाखालच्या ब्रेकसोबत मनातल्या मनात मारुतीरायाचं नावही घ्यावं लागतं. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, पुढच्याच महिन्यात आम्ही शिर्डीला जाऊन आलो. पोरं मागं झोपली, आई मध्येच उठून “आलं काय?” विचारायची आणि मी स्टिअरिंगवर जांभया देत होतो. १२०ची मर्यादा, सरळ रस्ता, काही घडत नाही. घडू नये म्हणूनच तर ती गाडी घेतली.

पण तिला एक वाईट सवय आहे. ती बोलते. बेल्ट लावला नाही की कुईकुई, दार नीट लागलं नाही की कुईकुई. एकदा पुढच्या सीटवर हरभऱ्याचं पोतं ठेवलं. बियाण्याचं होतं, मागं ठेवलं असतं तर डब्यातलं तेल सांडायची भीती. गाडीनं पोत्याला माणूस समजून असा गोंधळ घातला की शेवटी पोत्याला बेल्ट लावला. वरुडाच्या चौकात वाहतूक पोलिसानं काचेतून पाहिलं, आधी पोत्याकडं, मग माझ्याकडं. माझाच बेल्ट लावलेला नव्हता.

मागच्या वर्षी तिचा पडदा काळा झाला. गाणी गेली, मागचा कॅमेरा गेला. अमरावतीच्या वर्कशॉपात नेली तर एका पोरानं वायर लावून लॅपटॉपवर पाहिलं आणि सांगितलं, पूर्ण युनिट बदलावं लागेल, तीन आठवडे. मी विचारलं, उघडून पाहता येत नाही का, एखादी तार निघाली असेल. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी देवाच्या मूर्तीच्या आत काय आहे असं विचारलं. तीन आठवडे मी मागं मान वळवून गाडी काढली. मान दुखली, पण येत होतं. मुलीला मात्र येईना. ती कॅमेऱ्यावरच शिकलेली.

बैल बोलत नाही. त्याचं काय दुखतं ते ओळखावं लागतं. ते मला येत नाही, मिस्त्रीला येतं.

आमचे मिस्त्री वरुडात बसतात, वय सत्तरीच्या पुढं. त्यांची तपासणी प्लगपासून सुरू होते. चारही प्लग काढून कापडावर ओळीनं ठेवतात आणि टोकाचा रंग पाहतात. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर इंजिन तापतंय, मिश्रण पातळ आहे. विटकरी असेल तर मिस्त्री काही बोलत नाहीत, प्लग पुसून परत बसवतात. गेल्या वर्षी चारपैकी तीन विटकरी निघाले आणि एक पांढरा. तो पांढरा प्लग त्यांनी बोटांत फिरवला, कार्बोरेटरखालच्या गॅसकेटच्या कडेनं थोडं पेट्रोल पिचकारीनं सोडलं. इंजिनाचा आवाज क्षणभर चढला. “इथून हवा चोरून राह्यली,” म्हणाले. जाड कागदाचं गॅसकेट कात्रीनं कापून बसवलं. वीस रुपयांचा कागद, दोनशे मजुरी. त्यांच्या पोराकडं स्कॅनर आहे, तो नव्या गाड्या पाहतो. बाप-लेक एकाच शेडमध्ये बसतात आणि एकमेकांच्या गिऱ्हाइकांना वेडे समजतात.

सुटे भाग ही वेगळी कथा. काही नागपुरात मिळतात, काही कोलकात्याच्या मलिक बाजारातून येतात. दाराचं रबरी बिडिंग मी दोन वर्षं शोधलं. जे मिळत नाही ते लेथवर बनतं. आणि आता नवं दुखणं, पेट्रोल. त्यात इथेनॉल मिसळायला लागले, आधी दहा टक्के, आता सगळीकडं २० टक्के. नवी गाडी ते पिऊन ढेकरही देत नाही. पण बैलाच्या पोटातले रबराचे पाइप त्या काळचे, ते त्यात फुगतात, मऊ पडतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिना महिना उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी खाली बसतं, टाकी गंजते आणि तो गंज येऊन कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात, जेटमध्ये, अडकतो. म्हणून सगळे पाइप बदलले. ते जुलैचे २,३००.

आता जूनच्या ११,६००बद्दल. ते सांगतोच, कारण बायकोला अजून अर्धंच सांगितलेलं आहे.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. मिरग लागून गेला तरी ऊन मे महिन्यासारखंच. काटोलला आत्याच्या नातवाचं लग्न होतं. नवी गाडी बायको आणि मुलगी अमरावतीला घेऊन गेल्या होत्या, अॅडमिशनच्या कामाला. आईला लग्नाला जायचंच होतं. मी ताडपत्री काढली. मिस्त्रींनी हिवाळ्यातच सांगितलं होतं, रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, कडक झाला, बदलून टाका. मी म्हटलं होतं, बदलू. म्हणजे चूक गाडीची नव्हती, हे लिहून ठेवतो.

जलालखेड्यापर्यंत बैल मस्त चालला. मागं आई, पांढऱ्या रुमालानं वारा घेत, चारही काचा खाली. बॉनेट एवढं लांब आहे की वळणावर आधी ते वळतं आणि मग आपण. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मागची चाकं आपल्याला पाठीमागून ढकलतात, पुढून ओढत नाहीत. नव्या गाडीत हे कधी होत नाही आणि सांगून कळतही नाही. मी एका ट्रॅव्हल्सला मागं टाकलं. आई म्हणाली, “हळू.” तेवढ्यात तापमानाचा काटा पाहिला. काटा लालात होता.

जलालखेड्याच्या पुढं बॉनेटमधून वाफ आली. रस्त्याच्या कडेला कडुलिंबाचं झाड पाहून उभी केली. होज लांबीला फाटला होता, चिंचेच्या शेंगेसारखा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, एवढं मला माहीत आहे. एका काकांचा हात मी तसा भाजलेला पाहिला आहे. अर्धा तास थांबलो. आई सावलीत माझ्या रुमालावर बसली आणि म्हणाली, “तुह्या बापानं आणली तवाच मी म्हणलं होतं.” काय म्हटलं होतं ते एकोणीस वर्षांत तिनं कधी सांगितलेलं नाही.

पंक्चरवाल्याकडून मागं घेऊन ठेवलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी डिक्कीत होती. ती होजवर ओढून ओढून गुंडाळली, वरून तार. बाजूच्या बगीच्यात ठिबक चालू होतं. तिथल्या बाईनं दोन घागरी पाणी दिलं आणि आईला घरात येऊन बसा म्हणून आग्रह केला. आई गेली. दहा मिनिटांत त्या दोघी कुठल्याशा नात्यानं लागू झाल्या. आमच्या भागात दहा मिनिटं पुरतात.

रेडिएटर भरला, चावी फिरवली. स्टार्टर फिरतो, गाडी लागत नाही. याचं कारण मला पाठ आहे. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून बसलेला असतो. इंजिन भाजून निघालं की पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. त्याला थंड करायचं, वाफेचं परत पेट्रोल होऊ द्यायचं. ओलं फडकं पंपावर ठेवायचं असतं. फडकं ठेवलं, पाच मिनिटांत वाळून पापड झालं. परत ओलं केलं, परत वाळलं.

तेवढ्यात पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला एक माणूस रस्त्यानं आला. थांबला.

“काहून थांबली?”

“गरम झाली.”

“आपुन तापून राह्यलो, हे तं लोखंड आहे.” त्यानं पंप खाली न उतरवता नळी पुढं केली. “कुठी मारू?”

मी पेट्रोल पंप दाखवला. फक्त तिथंच मारा, तापल्या इंजिनावर नको, म्हणून बजावलं. तो बारीक फवारा मारायला लागला आणि मला एकदम सुचलं, “याच्यात औषध तं नाही ना?”

“काल होतं. आज साधं पाणी आहे.” तो फवारत राहिला. “अन् असलं तरी तुमच्या गाडीले अळी लागन काय?”

तिसऱ्या प्रयत्नात लागली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, पण बॉनेटला हात लावून एक फोटो काढायला लावला, स्वतःच्या मोबाइलमध्ये. पंप पाठीवरच होता. आम्ही लग्नाला पोचलो तेव्हा मंगलाष्टकं होऊन गेली होती, दुसरी पंगत बसत होती. माझ्या शर्टावर काळं, आईच्या लुगड्याला कुसळं. परत येताना दर दहा किलोमीटरला पाणी टाकलं. रेडिएटरची कोअर बदलली, दोन्ही होज, वॉटर पंप, मजुरी. झाले ११,६००. फवारणीवाला माणूस वहीत नाही.

बायकोचं म्हणणं सरळ आहे आणि ते बरोबर आहे. ‘संत्र्याचा भरवसा नाही, कपाशीला बोंडअळी, मुलीची फी, आणि तुम्ही तिसाव्या वर्षातल्या लोखंडाला कोअर बसवता.’ यावर माझ्याजवळ उत्तर नाही. एका पावसाळ्यात फळगळ झाली, झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा. तलाठी पंचनाम्याला येणार होता. आदल्या दिवशी शेजारचा काका आला आणि हळूच म्हणाला, “उद्या ते लाल गाडी दिसू देऊ नोको बावा. आमचेही पैसे जातीन.” मी तिच्यावर ताडपत्री टाकली, ताडपत्रीवर तुरीचा कुटार टाकला. नवी गाडी, जी हिच्या पाचपट किमतीची आहे, ती दारासमोर उभीच होती. तिच्याकडं कोणी पाहिलं नाही. हप्त्यावरची पांढरी गाडी असणं म्हणजे श्रीमंती नाही, हे तलाठ्यालाही माहीत असतं. त्याच्याकडंही तीच आहे.

सरकारच्या लेखी बैलाची अवस्था तर अवघडच. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करायची, हरित कर वेगळा, आणि आता वीस वर्षांच्या वरच्या कारला नूतनीकरणाचे १०,००० रुपये. विंटेज म्हणून सूट मिळते का विचारलं, तर २०२१च्या नियमाप्रमाणं गाडी ५० वर्षांची लागते. म्हणजे २०४४. तेव्हा मी सहासष्टचा असेन. तोवर बैल ना तरणा, ना पूज्य.

पुण्याहून एक जण पाहायलाही आला होता. चांगले कपडे, चांगली भाषा. गाडीभोवती फिरला, ‘प्रोजेक्ट’ म्हणाला, इंजिन काढून नवं डिझेल टाकतो म्हणाला आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा आकडा बोलला. मी कळवतो म्हटलं. कळवलं नाही. का, ते मलाही मांडून सांगता येत नाही. एवढंच आठवतं की तो बोलत असताना मी डाव्या दाराकडं पाहत होतो. त्या खिडकीच्या कडेचा रंग हाताच्या घामानं पार उडालेला आहे, वीतभर, कोपराच्या मापाचा.

वहीचं भांडण झाल्यावर बायकोनं पट्टीनं रेघ मारून ‘बैल’ हा वेगळा रकाना पाडला. महिन्याला १,००० रुपये, त्याच्या वर खर्च झाला तर माझ्या पानठेल्याच्या खर्चातून. ते मी मान्य केलं. मुलगा म्हणतो, रील बनवू, पैसे येतील. एक बनवलीही. त्यात गाडी सुरू होत नाही, तीच लोकांना आवडली.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आई हळद आणि तुपाची वाटी घेऊन निघाली. खांदे शेकायला बैल नाहीत तरी तिचा नेम आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटला बोट लावलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” मग शेडमध्ये गेली, ताडपत्री वर केली, बैलाच्या लांब नाकावर हळद लावली आणि तेच म्हणाली. पांढऱ्या गाडीपाशी मात्र न थांबता परत आली.

मुलीनं विचारलं, “तिले काहून नाही?”

“ते अजून बँकेची आहे,” आई म्हणाली.

त्यानंतर मी कामानं चार दिवस नागपूरला होतो. परत आल्यावर खताची बिलं चढवायला वही उघडली. बैलाच्या रकान्यात ६० रुपये होते. डिस्टिल्ड वॉटर. अक्षर तिचं.

मी विचारलं नाही. शेडमध्ये जाऊन बॉनेट उचललं. बॅटरीची सहाही झाकणं घट्ट बसवलेली होती. वरची धूळ पुसलेली होती आणि एका झाकणाच्या कडेला हळदीचं बोट उमटलं होतं.